उजनीकाठचे फॉरेनर

दरवर्षी थंडी पडली की आमच्या भागातल्या बातमीदाराला एक बातमी घरबसल्या मिळते. मथळा ठरलेला: 'उजनीकाठी परदेशी पाहुण्यांचे आगमन'. खाली बहुधा गेल्या वर्षीचाच फोटो. फोटोत उथळ पाण्यात माना खाली घालून उभे असलेले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. मजकुरात 'सातासमुद्रापलीकडून', 'हजारो मैलांचा खडतर प्रवास करून' असले शब्द पेरलेले. आमच्या करमाळ्याच्या बाजूला केत्तूर, कुगाव, चिखलठाण, कंदर आणि पाण्यापलीकडे इंदापूरचं कुंभारगाव-डिकसळ, या पट्ट्यात हे पाहुणे उतरतात आणि उन्हाळा संपेपर्यंत हलत नाहीत.

आता खरं सांगायचं तर यातले बरेचसे पाहुणे कच्छचे. तिथल्या मोठ्या रणात त्यांची विणीची जागा आहे. म्हणजे सातासमुद्रापलीकडून वगैरे काही नाही, सुरत-बडोद्यापलीकडून. पण पाय लांब, रंग गुलाबी आणि चेहऱ्यावर गावाशी काही देणंघेणं नसल्याचा भाव, एवढ्या भांडवलावर आमच्याकडं कोणालाही परदेशी नागरिकत्व मिळतं. उलट पट्टकदंब नावाचा हंस तिबेट-मंगोलियाकडून खराखुरा हिमालय ओलांडून येतो. पण बिचारा अंगानं करडा, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, चालणं अगदी आपल्या माणसाचं. त्याचा फोटो कोणी छापत नाही. आणि भोरड्या तर थेट मध्य आशियातून येतात. थव्यानं येतात, नेमक्या ज्वारी हुरड्यात आल्यावर येतात. त्यांचं स्वागत आम्ही गोफणीनं करतो. सत्कार आणि गोफण यांत फरक कशानं पडतो, तर पाहुणा चिखलातलं खातो की कणसातलं, यानं.

परदेशात राहणं म्हणजे काय असतं हे आम्हाला खऱ्या अर्थानं कळलं ते माझ्या भाच्यामुळं. तो बँकॉकला नोकरीला असतो. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला की बहीण फोन घेऊन पारावर येते, कारण रेंज तिथंच मिळते. त्यामुळं आमच्या गावातल्या बऱ्याच लोकांना तालुक्याच्या कचेरीतले नियम माहीत नाहीत, पण थायलंडचे तोंडपाठ आहेत.

"दर नव्वद दिवसांनी मी अजून इथंच राहतोय असं सरकारला कळवावं लागतं, मामा," तो म्हणाला.

"म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला?" पारावरच्या एका निवृत्त गुरुजींनी विचारलं.

"तसंच. पण वर्षातून चारदा."

गुरुजी एकदम गप्प झाले. वर्षातून एकदा जिवंत असल्याचं सिद्ध करताना त्यांचा अर्धा जीव जातो.

व्हिसाची मुदत संपूनही तिथंच राहिलं तर दिवसाला ५०० बाट दंड, असा वाढत वाढत २० हजारांपर्यंत. हे ऐकून आमच्याकडच्या एका सासऱ्यानं 'हा कायदा जावयांना लावता येईल का' अशी चौकशी केली. पुढचा नियम असा, की घरमालकाकडं परदेशी माणूस राहायला आला तर मालकानं चोवीस तासांच्या आत इमिग्रेशनवाल्यांना कळवायचं. चोवीस तास! आमच्याकडं फाट्यावर एसटीतून अनोळखी माणूस उतरला की तो गावात पोचायच्या आत त्याची बातमी पोचलेली असते. आणि फॉर्म वगैरे काही नाही. 'कोणाकडं आलाय?', 'गाव कुठलं?', 'आडनाव काय?' एवढे तीन प्रश्न. आडनावानं उलगडा झाला नाही तर चौथा, जरा आवाज खाली आणून. या चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत चहात साखर पडत नाही. थायलंडच्या सरकारनं अजून एवढी प्रगती केलेली नाही.

निवृत्त होऊन तिथं राहायचं तर वय पन्नासच्या पुढं हवं आणि तिथल्या बँकेत ८ लाख बाट शिल्लक दाखवायला हवेत, असंही त्यानं सांगितलं. यावर आमच्या सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "पन्नाशीला बँकेत आठ लाख आमच्या गावात बऱ्याच जणांचे निघतील. फक्त कर्जाच्या बाजूला." जमीन मात्र तिथं परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. फ्लॅट घेता येतो, तोही इमारतीतल्या एकूण क्षेत्रापैकी ४९ टक्के परदेशी लोकांत वाटून संपायच्या आत. हे ऐकून कोणालाच नवल वाटलं नाही. आपल्याकडं तर पुण्याच्या माणसालासुद्धा शेतजमीन घ्यायची तर आधी कुठला तरी सातबारा काढून आपण शेतकरी असल्याचं दाखवावं लागतं. उजनीच्या पाण्याकडं तोंड करून फार्महाउस बांधायची हौस असलेले कितीतरी साहेब आजोबांचा सातबारा शोधत फिरताना मी पाहिले आहेत. त्यातल्या काहींना त्या निमित्तानं आजोबांचं नाव कळलं.

थायलंडमध्ये काही कामं परदेशी माणसाला बंद आहेत. न्हाव्याचं काम त्यानं करायचं नाही, टुरिस्टांना वाट दाखवायचं काम करायचं नाही. ती स्थानिकांसाठी राखून ठेवली आहेत. असा कायदा उजनीच्या पाण्यात असता तर चिलापीला पहिल्याच आठवड्यात घरी पाठवावं लागलं असतं. कारण स्थानिक माशांचं सगळं काम तिनं कधीच आपल्याकडं घेतलं.

चिलापी म्हणजे कागदावरची तिलापिया. माहेर मोझांबिककडचं. भारतात ती १९५२ साली आली ती सिलोन आणि बँकॉक या वाटेनं. म्हणजे भाचा ज्या गावाला आता गेला तिथून ही आधीच इकडं आलेली. पुढं तिची नाईलकाठची चुलत बहीणही आली आणि दोघींनी मिळून तळी, बंधारे, धरणं भरून टाकली. आमचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. भीमेचं वाहतं पाणी थांबलं, वाहत्या पाण्यात रमणाऱ्या माशांची पंचाईत झाली, आणि चिलापीला मात्र जन्मभर शोधत होते ते घर मिळालं असं झालं. तिला पाणी गढूळ चालतं, कोमट चालतं, कमी चालतं. पुण्याहून येतं तेही चालतं, आणि हे ज्याला चालतं त्याला जगात कुठंही मरण नाही.

शिवाय संसाराला वाघीण. नर तळाच्या चिखलात खड्डा करतो, मादी अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेते. पिल्लं बाहेर पडली तरी धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात. तोंडात संसार असल्यामुळं त्या काळात ती धड खात नाही आणि अर्थात बोलतही नाही. आमच्या गावातल्या पुरुषमंडळींना चिलापीबद्दल जो जिव्हाळा आहे त्यात या दुसऱ्या गोष्टीचाही वाटा असावा. असो. सांगायचं ते हे, की ज्या बाईनं पोरं अशी सांभाळली तिची वस्ती वाढणारच. वाम, मरळ मागं पडले. मच्छीमाराच्या जाळ्यात आता मुख्यतः हीच. कटला आणि रोहू निदान आपले म्हणावेत, तर तेही मुळात गंगेकडचे परप्रांतीय, सरकारनं बोटुकली सोडून वसवलेले.

थायलंडमध्ये याच घराण्याला केवढा मान! १९६५ साली जपानच्या त्या वेळच्या युवराजांनी, म्हणजे अकिहितोंनी, थायलंडच्या राजाला नाईलकडच्या तिलापियाचे ५० मासे भेट पाठवले. राजा भूमिबोलनी ते राजवाड्यातल्या तळ्यात वाढवले आणि मग त्यांची पिल्लं मत्स्य खात्यामार्फत रयतेत वाटली. आज तिकडच्या घराघरात तो मासा शिजतो. हे ऐकल्यावर आमच्याकडच्या एका भोयाच्या म्हाताऱ्या आईनं विचारलं, "आन् ती राजाची मासळी किलोनं किती जाती?" प्रश्न रास्त होता. आमची चिलापी कोणत्याही राजवाड्यात न वाढता रोज पहाटे भिगवणच्या बाजारात जाते, पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यांत ज्वारीच्या पिठात घोळून तव्यावर पडते, काळ्या मसाल्याच्या कालवणात उतरते आणि पुण्याहून आलेला माणूस 'गावाकडची खरी चव' म्हणून ताट चाटून पुसून टाकतो. परदेशी माणसानं स्थानिक समाजात मिसळावं म्हणजे किती मिसळावं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

पण त्याच घराण्यातली प्रत्येक शाखा गोड निघतेच असं नाही. २०२४ साली थायलंडमध्ये काळ्या हनुवटीच्या आफ्रिकी तिलापियानं एवढा उच्छाद मांडला की सरकारला किलोला १५ बाट देऊन ती लोकांकडून विकत घ्यावी लागली. भाचा म्हणाला, "इथं पकडून द्या म्हणून सरकार पैसे देतंय." पारावरून लगेच विचारणा झाली, "आमची भोरडी घेतात का?"

आता मांगूर मासा. याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला म्हटलं तरी चालेल.

आमच्या काठावर ज्याला 'थाई मांगूर' म्हणतात, तो थायलंडचा नाही. तो आफ्रिकेचा. थायलंडमध्ये त्याला नेलं, तिथल्या देशी मांगुराशी त्याचा संकर लावला आणि तिथं तो उदंड पिकला. तिथून बांगलादेश, तिथून बंगाल, आणि बंगालमधून तो चोरपावलांनी भारतभर पसरला. म्हणजे थायलंडमध्ये तो फॉरेनर आणि इथं आला तेव्हा थाई. आमच्या वाशिंब्याचा पोरगा पुण्यात गेला की 'सोलापूरचा' होतो आणि मुंबईत गेला की 'पुण्याचा', तसलाच हा प्रकार. मधल्या मुक्कामाचा पत्ता कायमचा चिकटला.

याचे गुण काय वर्णावेत. पाण्यात ऑक्सिजन नसला तरी हा वर येऊन हवेत श्वास घेतो. डबकं आटलं तर ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो. जे मिळेल ते खातो: दुसरे मासे, त्यांची पिल्लं, अंडी, बेडूक, सडकं मांस. कोंबड्यांच्या दुकानातली आतडी-पिसं याच्या तळ्यात टाकली की झालं. खर्च नाही, मरतुक नाही, वाढ झपाट्यानं. बेकायदेशीर धंद्यासाठी देवानं मुद्दाम घडवलेला प्राणी. धरणाच्या काठावर आडबाजूला, उसाच्या आडोशाला, याची तळी निघाली ती काही उगाच नाही. तळ्याजवळून वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेलं की पत्ता विचारावा लागत नाही.

केंद्र सरकारनं २००० सालीच याच्यावर बंदी घातली. पुढं हरित लवादानंही तळी नष्ट करायला सांगितलं. त्यानंतर मत्स्यव्यवसाय खात्याच्या धाडी पडू लागल्या. धाड म्हणजे काय, तर तळं उपसायचं, मासे काढायचे, जेसीबीनं खड्डा घ्यायचा आणि पुरायचे. मुदतीपेक्षा जास्त राहिला तर २० हजार बाटांपर्यंत दंड करून विमानात बसवणारं थायलंडचं सरकार मला इथं फारच मवाळ वाटतं. पण मांगूरही असा, की जमिनीखाली गाडला तरी त्याच्या बाबतीत शेवटचा शब्द झाला असं समजायला मन धजत नाही. धाड पडते, फोटो छापून येतात, काही महिने वास थांबतो. मग वारा फिरतो.

बाजारात हा 'मांगूर' म्हणूनच विकला जातो. 'थाई' हा शब्द विकताना गळतो. देशी मांगूर अंगानं लहान, हळू वाढणारा आणि म्हणून महाग. तेव्हा मांगूर चांगला दांडगा दिसत असेल आणि वर स्वस्तही असेल, तर तो बिनपासपोर्टचा आहे हे समजून पुढच्या टोपलीकडं सरकावं. हा धरणाच्या पाण्यात सुटला तर काय होईल या विचारानं आमच्या भोयांच्या तोंडचं पाणी पळतं. चिलापीनं निदान आमच्या पोटाची सोय केली. हा चिलापीचीही पिल्लं खाईल.

बाकीच्या फॉरेनर मंडळींबद्दल थोडक्यात. जलपर्णी दक्षिण अमेरिकेची. मुळा-मुठा-इंद्रायणीच्या पाण्यावर पोसली जाते आणि पावसाळ्यात पुराबरोबर भीमेतून आमच्याकडं उतरते. रंग हिरवागार, फूल जांभळं, आणि ती आली की मच्छीमाराला जाळं टाकायला आणि शेतकऱ्याला मोटारीचा फुटबॉल, म्हणजे फूटव्हॉल्व, ठेवायला पाणी सापडत नाही. सकर मासाही दक्षिण अमेरिकेचाच, आमच्याकडची पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. अंगावर काटेरी चिलखत. तो खाताही येत नाही आणि जाळ्यातून काढताही येत नाही, जाळं कापावं लागतं. शहरातल्या काचेच्या पेटीतली घाण चाटायला म्हणून त्याला विकत आणतात, आणि पेटीत मावेनासा झाला की कोणीतरी त्याला 'मुक्त' करतं.

आणि केळी? केळीचं मूळ थायलंड-मलायाच्या त्या बाजूचं. आता कंदरहून टिश्यू कल्चरची जी-नाइन केळी कंटेनरमध्ये भरून आखातात जातात. भाच्यानं बँकॉकमध्ये डझनभर प्रकारची केळी पाहिली आणि फोनवर तोंडभरून कौतुक केलं, तेव्हा कंदरचे त्याचे सासरे चार दिवस त्याच्याशी बोलत नव्हते. त्यानं जाताना बॅगेत शेंगाचटणी नेली होती, अस्सल सोलापुरी म्हणून. तिकडच्या ऑफिसातल्या लोकांना त्यानं ती अभिमानानं चाखवली. त्यातले शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे, मिरची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली. थायलंडवाले त्यांची कच्च्या पपईची कोशिंबीर खलबत्त्यात कुटतात, तिच्यातली मिरची तीच, दाणे तेच आणि पपईही अमेरिकेचीच. दोन्ही देशांतली माणसं एकमेकांना आपापली अस्सल देशी चव देत होती आणि मूळ मालक तिसरीकडंच. मी हे बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "लसूण तर आपला हाय ना?" मी पुढं काही बोललो नाही. घरात शांतता महत्त्वाची.

भाच्याची एक तक्रार मात्र मला फार आवडली. थायलंडमधल्या राष्ट्रीय उद्यानांत परदेशी माणसाला तिकीट महाग आणि स्थानिकाला स्वस्त. आणि स्थानिकांचा दर पाटीवर कधी कधी थाई आकड्यांत लिहिलेला असतो, म्हणजे परदेशी माणसाला वाचताच येऊ नये. केवढी ही मेहनत! आमच्या काठावर पाटीच नसते. फ्लेमिंगो बघायला गाडी आली की बोटवाला आधी नंबरप्लेट वाचतो. एमएच-४५ असली तर आपल्यातलीच, पैशाचा विषय निघायच्या आधी पाव्हण्यारावळ्यांची चौकशी होते आणि मग पैशाचा विषय काढायची लाज वाटते. एमएच-४२ म्हणजे इंदापूर-बारामतीकडची, शेजारधर्म पाळायचा. एमएच-१३ म्हणजे सोलापूर शहरातले, जिल्हा एक असला तरी आमचं पाणी पिणारे लोक, त्यांच्याशी जरा ताठ राहायचं. आणि एमएच-१२ किंवा एमएच-१४ दिसली की बोटवाल्याच्या चेहऱ्यावर थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानाचं तेज चढतं. बरं, पुण्याचा माणूसही काही कमी नाही. तो उतरल्या उतरल्या दरात घासाघीस करतो, बोटीत बसल्यावर 'मागच्या वर्षी जास्त पक्षी होते' म्हणतो, आणि परत आल्यावर अर्धे पैसे परत मिळतील का हे डोळ्यांनी विचारतो.

याच मंडळींना एक गोष्ट समजावताना आमचा घसा कोरडा पडतो. ती म्हणजे उणे टक्के. धरणात एकूण पाणी मावतं ११७ टीएमसी. त्यातलं सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. म्हणजे धरण अर्ध्याहून अधिक भरलं तरी हिशेबानं ते शून्य टक्के. पाणी शून्याच्या खाली गेलं की उणे दहा, उणे वीस, उणे तीस. पाहुणा समोरचा अथांग जलाशय बघतो, हातातल्या पेपरात 'उजनी उणे ३० टक्के' वाचतो आणि आपल्याकडं संशयानं बघतो. उणे पाणी म्हणजे काय, असलेलं की नसलेलं? आता याला काय सांगावं! मृतसाठा नाव असलं तरी आम्ही सगळे उन्हाळ्यात त्याच्यावरच जगतो. जून-जुलैत आमच्या गावातला माणूस सकाळी उठून बायकोचा चेहरा बघायच्या आधी मोबाइलवर दौंडचा विसर्ग किती क्युसेक हे बघतो. दौंडचा आकडा वाढला की इकडं माणसं एकमेकांशी नीट बोलायला लागतात.

पाणी हटायला लागलं की शेतकरी मोटार, केबल, पाइप घेऊन पाण्याच्या मागं जातो. आज दोनशे फूट, पुढच्या आठवड्यात आणखी तीनशे. रोहितही उथळ पाण्याच्या मागं सरकत जातात. चिखलात चोच उलटी घालून ते शेवाळ आणि बारीक किडे गाळून खातात आणि त्याच खाण्यानं गुलाबी होतात. शेतकरी त्याच चिखलात उभा राहून फुटबॉलमधला गाळ उपसतो आणि उन्हानं काळा होतो. पक्ष्याचा फोटो काढताना टुरिस्ट त्याला 'जरा बाजूला व्हा ना काका' म्हणतात. रात्री केबलचोर येतो. तो मात्र पूर्णपणे स्थानिक असतो.

पाणी फारच खाली गेलं की आमची जुनी गावं वर येतात. पलीकडं पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ, अलीकडं कुगावचा इनामदारांचा वाडा. मग पुन्हा गर्दी, पुन्हा बोटी, पुन्हा बातमी. त्या गर्दीत एखादा म्हातारा असतो, जो कोणालाही न विचारता चिखलातून चालत जातो आणि एका जोत्याजवळ उभा राहतो. तिथं त्याचं घर होतं. आता तो जिथं राहतो ते गावठाण नवं, गावाचं नाव तेच, आणि फॉर्मवर 'मूळ गाव' या रकान्यासमोर काय लिहायचं यावर घरात एकमत नाही.

आणि इथंच भाच्याचा हिशेब आणि आमचा हिशेब जुळतो. रोहिताला पासपोर्ट लागत नाही, भोरडीला व्हिसा लागत नाही, चिलापीनं सत्तर वर्षांत एकदाही कुठं जाऊन आपण इथंच राहतो असं लिहून दिलेलं नाही. जलपर्णी परवानगी न घेता पसरते. मांगूर बंदी असून राहतो. कागद लागतो फक्त ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याला. आजोबांची जमीन गेली म्हणून नातवाला सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षणाचा हक्क आहे. पण त्यासाठी आधी प्रकल्पग्रस्ताचा दाखला हवा, दाखल्यासाठी भूसंपादनाचा निवाडा हवा, निवाड्यात आजोबांचं नाव बरोबर हवं. आमच्या आजोबांच्या नावात कारकुनानं एक काना जादा दिला होता. तो काना काढण्यासाठी माझे वडील एका कचेरीत जात राहिले, मग मी जात राहिलो. आता माझ्या पोराला मी वाट दाखवून ठेवली आहे. थायलंडमध्ये इसवी सनात ५४३ मिळवून वर्ष मोजतात, २०२५ म्हणजे त्यांचं २५६८. कचेरीतल्या साहेबांनी 'पुढच्या वर्षी या' म्हटलं ते कुठल्या पंचांगाप्रमाणं, हे विचारायचं राहून गेलं.

भाचा म्हणतो, तिथं नव्वद दिवसांचा रिपोर्ट आता मोबाइलवरून करता येतो. त्याला तिथं परदेशी म्हणून जेवढ्या वेळात हजेरी लावता येते, तेवढ्या वेळात आमच्याकडं कचेरीतला झेरॉक्सवाला दुकानाचं शटर वर करतो.

तरीही या. जानेवारी ते मार्च पक्षी बघायला उत्तम. पहाटे या, बोटीत लाइफ जॅकेट घाला, गर्मी होते म्हणून काढून मांडीवर ठेवू नका. 'उडतानाचा फोटो पाहिजे' म्हणून बोटवाल्याला थव्यात बोट घालायला लावू नका, ड्रोन तर मुळीच आणू नका. आलेला पाहुणा जेवत असताना त्याला उठवू नये हे तुम्हाला घरी शिकवलेलं असेलच. परत जाताना चिलापी खा, दांडगा आणि स्वस्त मांगूर दिसला तर पाठ फिरवा. आणि घरच्या काचेच्या पेटीतल्या माशाचा कंटाळा आला तर कृपा करून त्याला मुठेत सोडू नका. मुठेत सोडलेलं सगळं शेवटी आमच्याकडंच येतं.